पाटीवरचं फेमस

कळसच्या फाट्यावर एका आबांनी नवाच चहाचा गाडा लावला होता. पाटी मात्र भली मोठी, 'काटेवाडीचा फेमस चहा'. आबा आधी पाटी पुसायचे, मग ग्लास. गिऱ्हाईक मी एकटाच. बिनसाखरेचा चहा सांगून मी खोचकपणे विचारलं, "आबा, काटेवाडीत कुठं होता तुमचा गाडा?"

"तितं कशाला गाडा? समदी वळखत्यात, घरीच येऊन पित्यात. जितं कुणी वळखत न्हाय, तितंच फेमस लिवावं लागतं."

महिन्याभराने गेलो, तर गाड्याभोवती ही गर्दी! पाटी पालथी पडलेली, तिच्यावर धुतलेले ग्लास निथळत होते. मला बघताच आबा लांबूनच ओरडले, "बिनसाखरंवालं सायेब आलं बघा!"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. पाटीशिवाय फेमस झालो की मी!