पाकिटावरची बाई

सांगलीत आमच्या घराजवळच्या किराणा दुकानात साबुदाणा घ्यायला गेले होते. समोरच्या फळीवर मसाल्याची पाकिटं मांडलेली होती आणि त्यातल्या एकावर माझी आई होती. उखळापुढं उभी, पदर खोचलेला, मुसळ डाव्या हातात. आई डावरी आहे. तिच्या कांदा-लसूण मसाल्याच्या पाकिटावर हेच चित्र असतं. पण हे पाकीट तिचं नव्हतं. रंग वेगळा होता, नावात एक अक्षर इकडचं तिकडं केलेलं होतं आणि मागं पलूस तालुक्यातला पत्ता होता.

मी ते विकत घेतलं आणि रविवारी माहेरी गेले. माझं माहेर साताऱ्याजवळ. आईनं पाकीट फोडलं, चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले.

"तीळ नीट भाजलं न्हाईत," ती म्हणाली. "पण बाकी माझंच हाय. कुणीतरी आतलंच फुटलंय."

आतलं म्हणजे कोण? मसाल्याच्या कामाला आईसोबत एकच बाई होती, शेजारची काकी. मी शाळेत होते तेव्हापासून दोघी एकत्र मिरच्या निवडायच्या. काकीची लेक कुंडलला दिली होती, आणि कुंडल पलूस तालुक्यातच. एवढा धागा आबांना पुरला. आबा, म्हणजे माझे वडील, फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी लगेच चौकशी चालू केली. लेक शेवटची कवा आली होती, जाताना पिशवीत काय नेलं, जावई काय काम करतो. आई त्या दिवसापासून मसाले एकत्र करताना स्वयंपाकघराचं दार आतून लावून घ्यायला लागली.

काकीनं काही दिवस पाहिलं. मग एका सकाळी ती ओसरीवर आली, पण बसली नाही.

"वैनी, दार कुणासाठी लावताय?"

आईनं सुपातल्या मिरच्या निवडायला घेतल्या.

"आवं, बोला की. मला चोर समजता व्हय?"

"मी नाव घेतलं का तुजं?" आई म्हणाली.

"न्हाई घेतलं. घेतलं असतं तर बरं झालं असतं." काकीनं कामाचा ॲप्रन घडी करून खांबाजवळ ठेवला आणि ती निघून गेली. मी त्या दिवशी माहेरीच होते. मलाही मनातून संशय होताच, म्हणून मी तिला हाक मारली नाही.

आम्ही साताऱ्यातल्या एका वकीलबाईंकडं गेलो. आबा त्यांच्याकडंही तिरक्या नजरेनंच बघत होते. खुर्ची दारापासून लांब होती, ती त्यांनी ओढून दाराजवळ घेतली.

"ह्याचं पेटंट काढा," आई म्हणाली.

"पेटंट काढायचं तर कृती अर्जात उघड लिहावी लागते, आणि ती सगळ्या जगाला वाचायला मिळते. शिवाय पेटंट नव्या शोधाला मिळतं. घरोघरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या मसाल्याला कसं मिळेल?"

"म्हणजे सगळ्यांना सांगून बसायचं आन् वर मिळायचं काहीच न्हाई?"

"म्हणूनच म्हणते, कृती गुपितच ठेवा. कामावर येणाऱ्यांकडून ती बाहेर न सांगण्याचा करार लिहून घ्या. मलासुद्धा सांगू नका."

आई मोटारीत बसल्यावर म्हणाली, "हिला कृती नको म्हणती. मग हिला नक्की पायजे काय?"

पण वकीलबाईंनी कामाचं बोलणं केलं होतं. पाकिटावरचं नाव म्हणजे ट्रेडमार्क. तो नोंदवायचा, आणि आपण ते नाव आधीपासून वापरतोय याचा पुरावा जोडायचा. तोवर नावापुढं टीएम लिहिलं तरी चालतं, पण नोंदणी होण्याआधी वर्तुळातला आर छापला तर तो गुन्हा ठरतो. चित्राचा हक्क वेगळा. तो कॉपीराइट, आणि त्याला नोंदणीची सक्ती नाही. आबांनी विचारलं, "आन् साताऱ्याचा मसाला म्हणून काय मिळत न्हाई का?" भौगोलिक मानांकन मिळू शकतं, पण ते त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांसाठी असतं, एका घरासाठी नाही, असं त्यांनी सांगितलं. मग त्यांनी मला एक साधा प्रश्न विचारला. "हे चित्र काढलं कोणी?"

घरात कुणालाच तो सुचला नव्हता.

चित्र काढलं होतं सांगलीतल्या एका छापखानेवाल्यानं. माझ्याच ओळखीचा माणूस. आईला अंगणात उभी करून त्यानं कागदावर उतरवली होती. पण त्याच्याकडं जाण्याआधी मी आणि माझे मिस्टर पाकिटावरच्या पत्त्यावर गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये एक तरुण माणूस आणि त्याची म्हातारी आई मिरच्यांची देठं खुडत बसले होते. आम्ही पाकीट काढल्याबरोबर तो उठून उभा राहिला.

"कुणी पाठवलं तुमास्नी? माझं नाव ढापाय आलाय काय?"

आमचं पाकीट त्याच्या हातात दिलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. सांगलीतल्या त्याच छापखान्यात त्याला तयार चित्रं दाखवली होती, त्यातलं त्यानं हे निवडलं होतं. नावही तिथंच सुचवलेलं. मसाला मात्र त्याच्या आईचा. काकीची लेक त्याला माहीतही नव्हती. म्हातारी म्हणाली, "आमच्या सासूबाईंपासनं आमी असाच करतोय, बाई." मी तिच्याकडं नीट पाहिलं. खोटं बोलत असावी असं काही दिसलं नाही, पण मी दिसायची वाट बघत होते, हेही खरं.

छापखानेवाला आधी ऐकेना. "चित्र माझ्या हातचं. तुम्ही पैसे पाकिटं छापायचे दिले, चित्राचे कुठं दिले?" त्यावर वकीलबाई म्हणाल्या, मोबदला देऊन काढून घेतलेली तसबीर साधारणपणे काढून घेणाऱ्याची ठरते, पण तुमच्यात लेखी काहीच नाही, त्यामुळं वाद दोन्ही बाजूंनी रंगेल. नोटीस गेल्यावर त्यानं चित्राचे हक्क आईच्या नावे लिहून दिले. पलूसच्या माणसानं नाव आणि पाकीट दोन्ही बदललं. ट्रेडमार्कच्या अर्जावर हरकत निघाली, तिला उत्तर दिलं, आणि बऱ्याच काळानं नोंदणीही झाली. आबांनी नव्या पाकिटावरचा वर्तुळातला आर भिंग लावून पाहिला.

आई काकीकडं गेली होती, एकटी. काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकी आली, वाण घेतलं, उंबऱ्याच्या आत आली नाही, आणि कामावर परत कधीच आली नाही. आता गावातल्याच दोन बायका करार करून येतात. दार अजून आतून लागतं.

गेल्या उन्हाळ्यात आईनं मला कृती शिकवली. शेजारी बसवून, सगळं हातानं दाखवत. घरी येऊन मी जसंच्या तसं केलं. मसाला चांगला झाला, पण तिचा झाला नाही. पुन्हा केला, तरी नाही. माझा हात बसायचा असेल, किंवा सांगलीच्या मिरचीचा फरक असेल. नाहीतर तिनं एक जिन्नस सांगितलाच नसेल. फोनवर ती विचारते, "कसा झाला?" मी म्हणते, "झक्कास." ती दुसरंच काहीतरी बोलायला लागते.