शाळेच्या चौदा खिडक्या

एनेइदा किरिंदोंगो खिडकीचं माप घ्यायला कुणाकडे गेली, की आधी टेप काढायची नाही. मान ओली करून खोलीच्या मधोमध उभी राहायची. गार कुठून लागतंय ते कळलं, की पूर्वेच्या भिंतीला खाली आणि पश्चिमेच्या भिंतीला वर खूण करायची. समुद्राचा वारा खालून शिरणार, तापलेली हवा वरून जाणार. तिच्या खिडक्यांना काच नसे. आडव्या लाकडी पट्ट्या, एका उभ्या दांडीला जोडलेल्या. दांडी वर ढकलली की सगळ्या उघडायच्या, खाली ओढली की मिटायच्या. पावसात अर्ध्या कलत्या ठेवल्या की आत थेंब नाही, आणि कोंदटही नाही.

हे सगळं वडिलांकडून आलेलं. बाई सुतार म्हणून अरोयो गाव आधी हसलं. मग मोठ्या वादळानंतर तिनं सिस्टरांच्या शाळेला चौदा खिडक्या करून दिल्या, तेव्हा हसणं थांबलं.

आई गेली तेव्हा एनेइदा एकोणीस वर्षांची होती, धाकटा विलो सात. त्याला वाढवण्यात तिचं लग्न राहून गेलं. ते तिनं कधी बोलून दाखवलं नाही. तिनं त्याच्या हाती रंधा दिला, पण त्याला भुशानं शिंका यायच्या. पुढे तो शेजारच्या ग्वायामात बंद काचा आणि एसी विकायला लागला. रविवारी मात्र जेवायला बहिणीकडेच.

अशाच एका रविवारी, तुरीच्या ओल्या दाण्यांचा भात दोनदा घेऊन झाल्यावर, तो म्हणाला, "एने, मागच्या खोलीतली बाबांच्या हातची एक पट्टी देशील? घरात आठवण म्हणून लावतो."

तिचे डोळे भरून आले. ती चांगलीशी पट्टी काढायला लागली, तर विलोनं खालची, वाळवीनं पोखरलेली दाखवली. जुनी तीच बरी, म्हणाला. तिनं ती फडक्यात गुंडाळून दिली.

दीड महिन्यानं शाळेच्या मुख्य सिस्टर आमपारोंनी तिला बोलावलं. खिडक्या काढून बंद काचा आणि एसी बसवायचं ठरलं होतं. पट्ट्यांना वाळवी लागलीय, मुलांच्या अंगावर पडतील, असा अहवाल आला होता. त्याखाली सही विलोची, आणि पुरावा म्हणून टेबलावर एक पट्टी. वडील प्रत्येक पट्टीच्या टोकाला पटाशीनं तिरका छेद द्यायचे, ती देत नसे. तो तिथं होता.

"ही पट्टी या शाळेतली नाही," एनेइदा म्हणाली.

"मग कुठली?"

"माझ्या घरची. माझ्या भावानं आठवण म्हणून मागून नेली होती."

सिस्टरांनी पट्टी उलटून टोक पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, की पालकांच्या तीन बैठका झाल्या, सगळ्यांना गार वर्ग हवेत, सह्याही झाल्यात. एनेइदाच्या लक्षात आलं, की सिस्टरांचा तिच्यावर विश्वास बसला होता आणि त्यानं काहीही बदलणार नव्हतं. हाताच्या अंतरावर तिची एक खिडकी होती. तिला कुणी साधं नखही लावून पाहिलं नव्हतं.

ती तशीच ग्वायामाला गेली. विलोनं नाकारलं नाही.

"त्यांना एसी हवाच होता, एने. मी नाही तर दुसऱ्यानं विकला असता. आणि या वयात शिडीवर चढून तू त्या पट्ट्यांना किती वर्षं तेल लावणार होतीस?"

"मला विचारायचं होतंस."

"तू हो म्हणाली असतीस?"

"नसते म्हणाले. भांडले असते तुझ्याशी. तू मला भांडायलासुद्धा जागा ठेवली नाहीस."

खिडक्या निघाल्या त्या दिवशी ती खिळा घेऊन शाळेच्या अंगणात बसली आणि एकेक पट्टी टोचून बघितली. एकही पोकळ निघाली नाही. पालक बघत होते. गावात मात्र किरिंदोंगोच्या लाकडाला कीड लागते असं पसरलं, आणि ठरलेली दोन कामं गेली.

विलो पुन्हा जेवायला आला नाही. तिनंही बोलावलं नाही.

दोन वर्षांनी ऑगस्टात वीज गेली ती नऊ दिवस. विलोच्या घराच्या काचा न उघडणाऱ्या. त्याची बायको इराइदा घामोळ्यांनी लाल झालेली चार महिन्यांची पोर घेऊन एनेइदाच्या दारात उभी राहिली. पट्टीचं तिला काही ठाऊकच नव्हतं. एनेइदानं सांगितलंही नाही. पोरीचा पाळणा वाऱ्याच्या वाटेवर ठेवला आणि दोघींना ठेवून घेतलं.

विलो रोज संध्याकाळी फाटकाशी यायचा. इराइदा पोरीला घेऊन बाहेर जायची, अर्धा तास बोलून परत यायची. एनेइदा त्याला आत ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

दहाव्या दिवशी तो गाडी घेऊन आला. सामान गाडीत चढलं तरी फाटकाला हात लावून घुटमळत राहिला.

"एने," तो म्हणाला.

तिनं पोरीचं दुपटं इराइदाच्या खांद्यावर नीट केलं, पोरीचा पापा घेतला आणि ती आत गेली.