यवनांचा विदर्भ

इतवारीच्या बाजारात भांड्यांच्या दुकानाबाहेर पायरीवर बसून तो भांड्यांवर नावं कोरायचा. लग्नकार्यात शेजारपाजारची भांडी एकमेकांत मिसळतात, म्हणून प्रत्येकावर नाव हवंच. छिन्नीच्या ठोक्यांबरोबर त्याची गोष्ट चाले. अक्षर बदललं की क्षणभर थांबे.

गोष्ट एकच. यवनांचं, म्हणजे ग्रीकांचं, सैन्य पंजाबातून परतलंच नाही, नर्मदा उतरून विदर्भात आलं. त्यांच्या राजानं इथे बुद्धाचा धम्म घेतला, रामटेकच्या टेकडीवर नाट्यशाळा बांधली आणि वाड्याच्या दारात पाण्याचा एकच रांजण ठेवला. 'येईल त्यानं प्यावं' असं त्यावर ग्रीक अक्षरांत कोरलेलं होतं म्हणे.

मी शाळेत इतिहास शिकवतो. एकदा चिडून म्हणालो, "असं काही झालं नाही गा!"

"झालं नाही तेच सांगून राहिलो, गुरुजी. झालेलं तुम्ही शिकवताच."

मुलीच्या लग्नाची भांडी घेऊन गेलो त्या दुपारी ऊन फार होतं. त्यानं पिशवीतून आपला तांब्या काढला आणि वरूनच पाणी प्यायला. दुकानाचा माठ हाताच्या अंतरावर होता. इतक्या वर्षांत त्या माठाला शिवताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. तांब्या घासून लखलखीत, पण त्यावर नाव नव्हतं.

"साऱ्या गावाची नावं कोरतोस, अन् तुझ्याच तांब्यावर काहून नाही गा?"

त्यानं तोंड पुसलं आणि छिन्नी उचलली.

"त्याले कशाले नाव, गुरुजी? तो कोणाच्या भांड्यांत मिसळतच नाही."