वाफेचा नवरा, टर्बाइनची नात

लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि मी नवऱ्याचं मनगट मोडलं. खलबत्त्याच्या पितळी बत्त्याने. चूक शंभर टक्के माझी. त्या वयात मी स्वतःला फार हुशार समजायचे, त्यामुळे घाव मात्र नेमका बसला.

नवरा नौदलात, युद्धनौकेच्या बॉयलर रूमवर. बऱ्याच दिवसांनी घाटकोपरच्या आमच्या खोलीत रजेवर आला होता. सासूबाईंनी दुपारभर माझी गाऱ्हाणी त्याच्या कानात ओतली. संध्याकाळी कुकरचं रबर गेलं आणि बाजूने फुस्सकन वाफ सुटली. वळून बघते तर हा दारात. जळमटं काढायचा बांबू पुढे धरलेला, तोंडातून शब्द नाही, बांबू वर-खाली हलवत माझ्याकडेच येतोय. मी म्हटलं, आली आपली पाळी! तो मारायच्या आत मीच हाणला. हाडाचा आवाज कुकरच्या वर ऐकू आला.

"अगो, घोवाचो हात मोडलंस?" सासूबाई किंचाळल्या.

"त्यांनीच आधी काठी उगारली!" मी बत्ता न सोडता. काय ती रणरागिणी!

प्लास्टर चढल्यावर त्याने तोंड उघडलं. जहाजावरच्या बॉयलरची वाफ इतकी तापलेली असते, की ती दिसतच नाही. पाइपला चीर गेली की नुसती शिट्टी ऐकू येते, कुठून ते कळत नाही. म्हणून काठी पुढे धरून चालायचं. वाफेत गेली की काठीचे दोन तुकडे होतात. मागच्या फेरीत त्याचा जोडीदार काठी न घेताच पुढे झाला. हाताची कातडी मोज्यासारखी उतरली. ओरडायला तोंड उघडलं तर वाफ आत. ह्याने त्याला दंडाला धरून शिडीकडे ओढलं, तर दंडाचं मांस ह्याच्या मुठीत आलं. माणूस वर पोचेपर्यंत जिवंत होता, म्हणे. नंतर नाही.

"मग तोंडाने सांगायचं ना, वाफ शोधतोय म्हणून!"

"तिथे बोललेलं ऐकू येतं कुणाला?" तो म्हणाला.

आता आम्ही बोरीवलीत. बॉयलर रूमने त्याचे दोन्ही कान नेले. नात नौदलात इंजिनिअर, नव्या युद्धनौकेवर. परवा रजेवर आली, तर आजोबा सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल असे ओरडले, "स्टीम चढायला किती वेळ लागतो गं?"

"स्टीम नाही हो आजोबा, गॅस टर्बाइन!" ती त्याच्या कानाशी ओरडली. "विमानाला असतं तसलं इंजिन. काही मिनिटांत चालू."

"आमचा अख्खा दिवस जायचा बॉयलर तापवण्यात!"

"आम्ही एसीत, स्क्रीनसमोर. इंजिन बंद पेटीत."

"एसीत? घाम नाही, शिव्या नाहीत, हे कसलं इंजिन?"

तो चिडला, मी मात्र सुखावले. पोर नौदलात गेल्यापासून त्या जोडीदाराचा दंड माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. ती नारळ खवायला बसली तेव्हा मी हळूच विचारलं, "म्हणजे तुला भाजायची भीती नाही ना गं?"

"वाफेने नाही."

"मग?"

"इंधनाची नळी फुटून तापलेल्या लोखंडावर उडाली तर भडका. इंजिन रूमची दारं बंद करून आत आग विझवणारा गॅस सोडायचा. हवाच राहत नाही, आग गुदमरते."

"आणि माणसं? पेटीबाहेर फेऱ्या मारणारी असतात ना कुणी?"

"त्यांना आधी बाहेर काढतो."

"आणि एखादा राहिलाच आत?"

खवणी थांबली. बाहेर आजोबा टीव्हीचा आवाज वाढवत होते. तिने तिकडे एकदा पाहिलं.

"वर दीड-दोनशे माणसं असतात, आजी. थांबता येत नाही. त्या गॅसचं हँडल मीच ओढायचं असतं. आजोबांना नको सांगूस."