दगड पडतो कुठपर्यंत

अकरावी सायन्सच्या पहिल्याच चाचणीत मी फिजिक्समध्ये सपशेल आपटले. सर म्हणाले, "सोमवारी फळ्यावर पडणाऱ्या वस्तूचं एक गणित सोडवून दाखव. नाही जमलं तर आर्ट्सला जा, उगाच वर्ष घालवू नकोस." आमच्या राजुरीत मुलगी आर्ट्सला गेली म्हणजे परीक्षेपुरतं कॉलेज, बाकी वर्षभर टोमॅटोची तोडणी, आणि पाठोपाठ स्थळं बघणं. मला बी.एस्सी. नर्सिंग करायचं होतं. काही झालं तरी सायन्स सोडायचं नाही, एवढं मी घरी येतानाच ठरवून टाकलं.

सूत्रं तोंडपाठ होती, तरी उत्तरं चुकायची, याचाच संताप यायचा. म्हटलं, आधी उत्तर माहीत असलेलं गणित करून बघू. आमच्या विहिरीची खोली वडिलांना, म्हणजे दादांना, पक्की ठाऊक होती.

"आठ परूस," दादा म्हणाले. "मी सोता खांदलीया, मला इचार."

हात वर करून उभ्या माणसाची उंची म्हणजे एक परूस. दादांना भिंतीला उभं करून टेप लावला, तर सव्वादोन मीटरला थोडं कमी. म्हणजे विहीर साधारण साडेसतरा मीटर.

रविवारी सकाळी विहिरीवर गेले. एका हातानं दगड सोडला, दुसऱ्या हातानं मोबाइलचं घड्याळ चालू केलं. डुबुक! दीड सेकंद. गुरुत्वाकर्षणाचं नऊ पूर्णांक आठ मोठ्यानं म्हणत गणित मांडलं, तर उत्तर अकरा मीटर. पुन्हा सोडला, पुन्हा तेच. माझं डोकंच फिरलं. मग दगडावर दगड.

"अगं, हीर बुजवती का काय?" दादा बांधावरून ओरडले. "तुजं ते नऊ पूर्णांक आठ पुण्यात चालत आसंल, आपल्या रानात न्हाई!"

"सगळीकडं तेच चालतं!" मीही ओरडले. "तुमचे परूसच चुकलेत!"

झालं! दादांना ते झोंबलं. तडक जाऊन त्यांनी दोर आणला, टोकाला दगड बांधला आणि तळाला टेकेपर्यंत आत सोडला. वर ओढून घेतला आणि एक टोक पायाखाली, हात वर, असा मापायला लागले. "ह्ये बघ. आठ भरलं का न्हाई? आता बोल!"

मी दोराकडे बघत होते. त्याचा तीन परूस भाग ओला होता. वरचा पाच परूस कोरडा. पाच परूस म्हणजे अकरा मीटर!

"दादा, तुमचंही बरोबर, माझंही बरोबर!" मी उडीच मारली. गावात विहिरीची खोली सांगतात ती तळापर्यंतची. माझा दगड वाजत होता पाण्यावर. आणि मी मूर्खासारखी तो तळापर्यंत पडला असं धरून बसले होते. चाचणीचा पेपर काढला, तर तिथंही हाच घोटाळा. वस्तू कुठून सुटली आणि कुठं पोचली हे न बघता दिसेल ती उंची मी सूत्रात घातली होती. त्या दिवशी पुस्तकातलं एकेक गणित मी आकृती काढूनच सोडवलं. हात दुखला, पण उठले नाही.

सोमवारी सरांनी गणित घातलं. पंचवीस मीटर उंच इमारतीच्या गच्चीवरून चेंडू सोडला, जमिनीपासून पाच मीटरवरच्या सज्ज्यापर्यंत यायला त्याला किती वेळ लागेल? मी आधी इमारत काढली, सज्जा काढला, मधल्या अंतरावर वीस मीटर लिहिलं आणि मगच सूत्राला हात घातला. उत्तर आलं जवळपास दोन सेकंद.

"बरोबर. बस जागेवर," सर म्हणाले.

मी बसलेच नाही. "सर, जागेवर म्हणजे सायन्सलाच ना?"

अख्खा वर्ग खो खो हसला. सरही हसले. "अगं हो बाई, सायन्सलाच."

तेव्हा मात्र मला रडू फुटलं. खडू हातात धरून सगळ्यांसमोर ढसाढसा रडले, आणि त्याची मला जराही लाज वाटली नाही.