चकतीवरचा पंचेचाळीस

पूर्व बाल्टिमोरात घरं एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी, आणि प्रत्येकाची खिडकी थेट रस्त्यावर. म्हणून खिडकीच्या जाळीवर चित्र रंगवून घ्यायचं. बाहेरच्याला लाल छपराचा बंगला, तळं आणि दोन हंस दिसतात. आत खुर्चीत बसलेल्या बाईला मात्र अख्खी गल्ली दिसते. ज्यानं ही युक्ती काढली त्याला शेजारधर्म पुरता कळला होता.

वांडा पाव्हलिक पंधराव्या वर्षापासून कॅझमामाच्या हाताखाली या जाळ्या रंगवायची. चोविसाव्या वर्षापर्यंत हजारभर हंस तरी तिच्या हातून पाण्यात उतरले असतील. एकदा तिनं एका हंसाची मान जरा दुसरीकडे वळवली, तर पलीकडच्या मिस व्हर्जीनं जाळी परत पाठवली. म्हणाली, "माझा हंस समोरच्या घरात बघतोय. तिथं बघायला मी आहे."

त्यात तिच्या धाकट्या भावानं, लेननं, तळघरात बँड काढला. हार्डकोर पंक, म्हणजे सुसाट वेगातला आरडाओरडा. नाव 'ओलं तळघर', आणि तळघर खरंच ओलं होतं. लेन ड्रम बडवायला लागला की भिंतीपलीकडे मिस व्हर्जीच्या कपाटातल्या बश्या सरकत सरकत काठाला यायच्या.

"लेन बाळा," पायऱ्या घासता घासता ती विचारायची, "काल ते गाणं होतं की बॉयलर गेला?"

"गाणं, मिस व्हर्जी. पाच गाणी."

"मला एकच ऐकू आलं."

"पाचही लगोलग असतात."

"बरं झालं बाई, लवकर आटपता."

बँडला रेकॉर्ड काढायची होती आणि कव्हरला चित्र हवं होतं. वांडानं काळी शाई घेतली, बारीक टोकाचं पेन घेतलं, आणि नऊ वर्षं पोटात दाबून ठेवलेलं सगळं एका रात्रीत कागदावर ओतलं. तोच बंगला, पण छप्पर आत कोसळलेलं. तेच तळं, पण उकळणारं. आणि हंसांच्या चोचीत दात, एकेक करवतीसारखा.

कॅझमामानं चष्मा पुसून पाहिलं. "हंसांना दात नसतात."

"यांना आहेत," वांडा म्हणाली. मामानं चष्मा पुन्हा पुसला.

झेरॉक्सच्या दुकानातून पाचशे कव्हरं आली. स्वयंपाकघरातल्या टेबलावरून कोबीचं पातेलं हटवून बँडनं ती दुमडली, डिंकानं चिकटवली. पोरं कव्हर हातात धरून बघत राहायची. वांडाला त्या दिवसांत रस्त्यानं चालताना पाय जमिनीला लागत नव्हते. हे चित्र कुणी मागितलेलं नव्हतं, ते तिचं स्वतःचं होतं.

घोटाळा मात्र रेकॉर्डच्या मधोमध चिकटवतात त्या कागदी चकतीवर झाला; तिच्यावरची अक्षरंही वांडाच काढत होती. लहान रेकॉर्ड म्हटली की मिनिटाला पंचेचाळीस फेरे, घरातली प्रत्येक लहान रेकॉर्ड तशीच. पण यांची आठ गाणी त्यात मावेनात, म्हणून तेहतीसच्या संथ वेगावर ती कोरून घेतलेली. लेननं तोंडात पिरोगीचा घास घोळवत तिला तसं सांगितलंही होतं. तेव्हा वांडा एका दाताचं टोक काढत होती. ती 'हूं' म्हणाली, आणि हातानं सवयीनं लिहिलं: पंचेचाळीस. कारखान्यानं जसं लिहिलं तसं छापलं. बँडमधल्या कुणी चकतीकडे पाहिलंच नाही. त्यांना वेग ठाऊक होता, आणि डोळे सगळ्यांचे त्या दातांवर.

महिन्याभरात कॅलिफोर्नियाहून एक झेरॉक्स केलेलं मासिक आलं. लेननं तळघरात मोठ्यानं वाचून दाखवलं, "देशातला सगळ्यात वेगवान बँड. आणि तो गाणारा चिमुरडा, तेरा वर्षांचा तरी असेल का?"

गाणारा नॉर्बर्ट सत्तावीस वर्षांचा. बंदरावर केळ्यांची खोकी उतरवायचा, मान पिंपासारखी आणि आवाज बोटीच्या भोंग्यासारखा. त्यानं मासिक हातात घेऊन पुन्हा वाचलं.

"हे माझ्याबद्दल आहे?"

"कौतुक आहे रे. तुझ्यात जोश आहे असं म्हणायचंय त्याला."

"मी दाढी राखू का?"

पण लेनच्या डोक्यात 'सगळ्यात वेगवान' शिरलं ते निघेना. फिलाडेल्फियाहून रविवार दुपारच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं, तेव्हा तर तो तळघरातून वर येईना. रोज आणखी जोरात, आणखी जोरात. जेवताना मनगटावर गोठवलेल्या मटारची पिशवी.

गुरुवारी वांडा रेकॉर्डच्या दुकानात गेली, तर तिथं पोत्यात कोंबलेल्या मांजरांसारखं काहीतरी वाजत होतं. ती हसली. मग त्या गोंधळात तिला भावाच्या ड्रमची ओळखीची गिरकी ऐकू आली. तिनं वाकून फिरत्या चकतीकडे पाहिलं. आकडा तिच्याच अक्षरात होता. तेहतीसची रेकॉर्ड पंचेचाळीसवर पळत होती, म्हणून गाणी सुसाट आणि नॉर्बर्टचा आवाज पोरासारखा चिरका.

पुढचे तीन दिवस ती एका जागी टेकली नाही. घराच्या पायऱ्या दोनदा घासल्या. एका गिऱ्हाइकाच्या जाळीवरचं तळं लाल रंगवून बसली. सांगावं, तर कला महाविद्यालयातला एक मुलगा पुढचं कव्हर काढायला टपलेलाच होता. लेन त्याला 'बघू' म्हणाला होता, आणि या चुकीनंतर बघण्यासारखं काही उरलं नसतं. तिच्या वाट्याला मरेपर्यंत लाल छपरं. न सांगावं, तर ती मटारची पिशवी समोर दिसायची.

व्हॅनमध्ये तिनं तीनदा तोंड उघडलं.

"भूक लागलीय का गं?" नॉर्बर्टनं विचारलं. तिनं तोंड मिटलं.

चर्चच्या तळघरात शंभरेक पोरं जमली होती. नॉर्बर्ट माईकपाशी आला तशी पुढच्या एकीनं मागे डोकावून पाहिलं. "तो छोटा कुठाय?"

"कोण छोटा?"

"गाणारा. तुम्ही त्याचे बाबा का?"

पहिलं गाणं संपलं. "हे रेकॉर्डसारखं नाही," कुणीतरी म्हणालं. "जोरात वाजवा की." लेननं ऐकलं, दात आवळले आणि दुसरं गाणं असं उधळलं की गिटारवाला मागे पडला. मधेच त्याची काठी सुटून भिंतीवर आदळली. मनगट मांडीत दाबून तो वाकून बसला. पोरं ओरडत होती, अजून जोरात, आणि तो डाव्या हातानं दुसरी काठी शोधत होता.

वांडा वर चढली. माईक तिच्यासाठी फार उंच होता, नॉर्बर्टनं तो खाली केला.

"चकतीवरचा आकडा चुकलाय," ती म्हणाली. "मी लिहिला. तेहतीसवर लावायची आहे ती. पहिलं गाणं वाजलं तोच यांचा खरा वेग, आणि नॉर्बर्टचा खरा आवाजही हाच."

मागून एक पोरगा म्हणाला, "म्हणजे महिनाभर आम्ही चुकीचं ऐकलं?"

"हो."

"चांगलं होतं पण."

काही हसले, काही बाहेर निघून गेले, निम्मे थांबले. लेननं तिच्याकडे पाहिलंही नाही. मनगटाला रुमाल गुंडाळला आणि उरलेली गाणी त्यांच्या नेहमीच्या चालीत वाजवली. तिसऱ्या गाण्याला पोरं एकमेकांवर आदळायला लागली होती.

परतताना नॉर्बर्टनं व्हॅन चालवली. लेन पुढे बसून खिडकीबाहेर बघत होता. डेलावेअर मागे पडलं. मागच्या बाजूला वांडा कधी पाय पोटाशी घ्यायची, कधी सोडायची.

"पुढच्या रेकॉर्डवरचे आकडे मी लिहिणार," शेवटी तो म्हणाला.

"लिही."

"तू हातही लावायचा नाहीस."

"नाही लावत. आणि चित्र?"

लेननं मनगट चोळलं. "ते मला काय विचारतेस? त्या कॉलेजवाल्याला मी सांगतो काय ते. पण यावेळी ड्रमवाल्यालाही कुठंतरी काढ. निदान चित्रात तरी वेगवान दिसू दे."

वांडानं कार्यक्रमाचा पाठकोरा कागद उलटा केला आणि गुडघ्यावर धरून पेन टेकवलं. व्हॅन खड्ड्याखड्ड्यातून उसळत होती, त्यामुळे ड्रमवाल्याचे हात आठ-दहा निघाले. तिनं एकही खोडला नाही.