सायेब, तेवढं त्वांड फिरवा

मनुबाईला तराजू कधी लागला नाही. वाण्यानं गुळाची पुडी बांधून हातावर ठेवली की ती जागच्या जागी म्हणायची, "शेठ, खडाभर कमी हाय." वाणी चिडायचा, पुडी पुन्हा काट्यावर टाकायचा आणि गपगुमान वर एक खडा ठेवायचा. ही विद्या सांगलीची. तिचा बाप तिथल्या हळदीच्या पेठेत तोलार होता. पोती तोलण्यात त्याचा सगळा जन्म गेला. मनू परकरात होती तेव्हापासून तो तिच्या हातावर कधी गुळाचा रवा, कधी हळकुंडांची पिशवी ठेवायचा आणि विचारायचा, "बोल, किती?" चुकली तर पुन्हा उचलायला लावायचा. लग्न होऊन ती सातारा जिल्ह्यात खंडाळ्याकडच्या गावी आली तेव्हा माहेरातून भांडीकुंडी फारशी आली नाहीत, पण हे हात आले.

नवरा भाऊसो लष्करात, तेव्हा आसामात. घरी मनुबाई, दोन म्हशी आणि एकुलती एक लेक विजयमाला. पोरीचा डावा पाय लहानपणीच्या तापात गेला होता. चालायची, पण लंगडत. वय वीस झालं, पाहुणे यायचे, पोहे खायचे, पोरीला चालायला लावायचे आणि "कळवतो" म्हणून जायचे. कळवलं एकानंही नाही. शेवटी मनुबाईचं डोकं फिरलं. "आता कुणी यायचं न्हाई माज्या दारात. पोरगी काय म्हस हाय व्हय, चालवून बघाय?" असं म्हणून तिनं पोरीला सांगलीला भावाकडं, गुंडामामाकडं धाडलं. विश्रामबागेत शिवणाचा क्लास होता, तिथं विजयमाला वर्षभर शिकली. पायमशीन तिला जमेना, म्हणून बाईंनी तिला हातमशीन दिलं, आणि त्यावर ती असे ब्लाऊज शिवायला लागली की बाई बाकीच्या पोरींना दाखवायच्या. पोरीला न्यायला आलेल्या मनुबाईनं ते मशीन सहज उचलून पाहिलं होतं. "झाकणासकट साडेबारा किलो," ती म्हणाली. आता हातात कसब होतं, घरात मशीन नव्हतं, आणि नवं घ्यायची ऐपत नव्हती. विजयमाला सुईनं हातशिलाई करत बसायची आणि आई ते बघायची, बस्स.

अशात गावात टीव्ही आला. शहात्तर साल असावं. ग्रामपंचायतीच्या खोलीत लाकडी दारांचा तो डबा ठेवला, आणि कौलांवर बांबूला एरियल बांधलं. पुण्याचं चित्र खंबाटकी घाटाच्या अलीकडंच यायचं, पलीकडं काचेवर नुसत्या काळ्यापांढऱ्या मुंग्या. आमच्याकडंही ते लहरीवरच होतं. म्हणून हरिबा नावाचा गडी रोज छपरावर चढून बांबू धरायचा आणि ओरडायचा, "आलं का?" खालून शंभर तोंडं ओरडायची, "गेलं! आलं! आता हालू नगंस!" मग हरिबा तासभर पुतळा होऊन उभा राहायचा. माझा हात हलत नाही, याचा त्याला एवढा गर्व की विचारू नका.

शनिवारी संध्याकाळी थेट मुंबईहून 'पेटीत काय?' लागायचं. काय दिवस होते हो ते! जेवणं लवकर उरकून, पोतं बगलेत मारून गाव पंचायतीकडं पळायचं. एक सूटवाला साहेब पाहुण्याला तीन प्रश्न विचारायचा. ते जमले की टेबलावर तीन बंद पेट्या. एकीत मोठं बक्षीस, एकीत बरंसं काही, आणि एकीत गंमत. गंमत म्हणजे कधी केरसुणी, कधी दुधी भोपळा. ती पेटी उघडली की सगळी माणसं खदाखदा हसायची, पाहुणाही ओशाळून हसायचा.

मनुबाईचं हसण्याकडं लक्ष नसे. पेट्या आणून ठेवणाऱ्या पोरींकडं ती डोळ्यांत तेल घालून बघायची. "ती बगा, कंबर वाकली तिची. धा किलोच्या खाली न्हाई." पेटी उघडली की खरोखर पितळेचं घंगाळ निघायचं. गाव तोंडात बोटं घालायचं. आणि एका शनिवारी दादरच्या कुण्या बाईनं पेटी उघडली तर आतून निघालं हातमशीन. काळं, चकचकीत, सोनेरी वेलबुट्टीचं. विजयमालाचा हात मांडीवरच चाक फिरवल्यासारखा फिरला. शेजारी बसलेल्या आईनं बघायचं ते बघितलं.

दुसऱ्या दिवसापासून पोस्टकार्डं सुरू झाली. मजकूर आई सांगायची, अक्षर लेकीचं. गावातली बयाबाई, जिच्या जिभेला हाड नाही, ती चेष्टा करायची, "मनू, टीव्हीवाल्यानं तुजी कार्डं जाळून चा क्येला आसंल." मनुबाई हसायची आणि पुढचं कार्ड टाकायची. सात महिन्यांनी मुंबईचं बोलावणं आलं तेव्हा त्याच बयाबाईनं पेटीतलं आपलं नवंकोरं इरकली लुगडं काढून दिलं आणि सरपंच लालासाहेब स्वतः सोबत जायला तयार झाले. सांगलीहून गुंडामामा एसटीनं आला, कारण तिकडं टीव्ही म्हणजे अजून ऐकीव गोष्ट. "आक्काला काचंत बघायचं हाय," तो भेटेल त्याला सांगत सुटला.

त्या शनिवारी पंचायतीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. विजयमालाला सगळ्यांनी पुढं बसवलं. हरिबानं बांबू धरला, आणि काचेत आई दिसली. एवढीशी, डोक्यावर पदर, हात मांडीवर जोडलेले.

पहिला प्रश्न आला, दुसरा आला, दोन्ही तिनं सहज सोडवले. तिसरा होता, बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात किती? तिथं बसलेली शहरची मंडळी बोटं मोजायला लागली.

"आवं, एकबी न्हाई," मनुबाई म्हणाली. "बैलाचं त्वांड कवा बगितलं न्हाई व्हय तुमी?"

साहेब हसला, माणसं टाळ्या वाजवायला लागली, आणि इकडं पंचायतीत तर शिट्ट्या. मग तीन पेट्या आल्या.

"उचलून बगू का, सायेब?"

हे असं आजवर कुणी विचारलंच नव्हतं. साहेब म्हणाला, "बघा की, वजनावरून काय कळणार?"

अरे बाबा! तोलाराच्या लेकीला विचारतोस होय! तिनं पहिली उचलली, ठेवली. दुसरी उचलली, ठेवली. तिसरी उचलली आणि ती तशीच धरून राहिली. विजयमालाला आईचे ओठ हललेले दिसले आणि ऐकू यायच्या आधीच तिला आकडा कळला.

"साडेबारा," मनुबाई म्हणाली. "हीच द्या."

विजयमालाच्या डोळ्यांत पाणीच आलं. गुंडामामानं मांडीवर थाप मारली. "बापाचा हात हाय त्यो! चुकायचा न्हाई!"

"उघडा मग," साहेब म्हणाला.

मनुबाईनं त्याच्याकडं बघितलं. "आत्ता? तुमच्याम्होरं?"

"म्हणजे काय! सगळ्यांना दाखवायचं की."

"तसं न्हाई उघडत आमच्यात," ती शांतपणे म्हणाली. "देनाऱ्याच्या देखत आहेर कोन उघडतं, सायेब? घरी जाऊन उघडीन."

तिथली माणसं हसून लोटपोट. साहेबाला वाटलं बाई थट्टा करते आहे. पण बाई पेटीवर हात ठेवून बसलेली. त्यानं समजावलं, नियम सांगितला, की पेटी इथं उघडली नाही तर बक्षीस परत जातं. मनुबाई म्हणाली, "मग ऱ्हाऊ द्या. पर रीत सोडायची न्हाई मी."

पंचायतीत एकच गिल्ला झाला. "आगं उघड की मने!" बयाबाईनं कपाळ बडवून घेतलं. "आली लक्षुमी घालिवती का काय ही बया!" छपरावरून हरिबा ओरडत होता, "काय झालं? काय झालं रं?" विजयमालाला मात्र आई आहेर कसा घेते हे ठाऊक होतं. घरी कुणी चोळीचा खण आणला तर ती तो डोळ्यांना लावून तसाच फडताळात ठेवायची, आणि पाहुणा वेशीबाहेर गेल्यावरच घडी मोडायची. पण आत्ता पेटीत मशीन होतं, आणि साहेब मनगटावरचं घड्याळ बघत होता. देवा, एवढी एक डाव उघडू दे तिला, असं विजयमाला मनात म्हणत होती.

मनुबाईनं थोडा विचार केला. मग म्हणाली, "सायेब, ही समदी मानसं काय देनारी न्हाईत. देनारं तुमी. तुमी तेवढं त्वांड फिरवा, मंजी झालं."

आणि काय सांगावं, तो भला माणूस फिरला! हसला नाही, खळखळ केली नाही. अख्ख्या मुंबई-पुण्याला पाठ करून, हात मागं बांधून, शाळेतल्या पोरासारखा उभा राहिला. मनुबाईनं झाकण वर केलं.

पेटीत काय आहे हे आधी दिसलंच नाही. काचेत भरून राहिलं ते तिचं तोंड. वीतभर काच ती, काळीपांढरी, मधून थरथरणारी, पण विजयमालाला आई तशी कधीच दिसली नव्हती. भाऊसो लढाईवर गेला तेव्हाही नाही. आधी डोळे विझले. मग हनुवटी हलली. खालचा ओठ दातांत धरला तिनं, आणि मान खाली घालून बसली. किती वेळ कोण जाणे, पंचायतीतल्या माणसांना तो फार वाटला.

मग तिनं पदर सारखा केला, तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "वळा आता, सायेब."

तो वळला तेव्हा ती हसत होती. दोन्ही हातांनी तिनं पेटीतून एक पाटा आणि वरवंटा काढून टेबलावर ठेवला. हीच त्या आठवड्याची गंमत होती. माणसं हसली, तीही हसली. "लय कामाची वस्तू दिलीत बगा. आता मुंबईच्या दगडावरची चटणी खाऊ. देव तुमाला बरकत देवो." साहेबानं तिच्या दगडाकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, आणि खाली वाकून नमस्कार केला.

वजन चुकलं नव्हतं. माल वेगळा निघाला.

त्या वेळी विजयमालाला रीत कळली. आईनं ती नुसती पाळली होती, समजावून कधी सांगितली नव्हती. देणाऱ्याला आपलं पडलेलं तोंड दिसू नये, बस्स, एवढ्यासाठी ते सगळं. त्या परक्या माणसाला तिनं वाचवलं होतं, आणि स्वतः मात्र सगळ्या मुलखाला दिसली होती. तिला ते ठाऊकही नसेल. विजयमाला उठली आणि कुणाशी न बोलता लंगडत घरी गेली.

दुसऱ्या दिवशी एसटी आली तेव्हा सगळा गाव फाट्यावर. आधी उतरले लालासाहेब, खांद्यावर पाटा, बगलेत वरवंटा, तोंडात शिव्या. "मुंबैपास्नं वाहून आनलाय! सरपंच हाय का हमाल हाय मी?" मागून मनुबाई उतरली. हसत होती, पण डोळे माणसांच्या तोंडांवरून भिरभिरत होते. शेवटी लेकीवर येऊन थांबले.

"दिसली का गं मी?"

विजयमाला आईची पिशवी घ्यायला वाकली. तेवढ्यात बयाबाई पुढं घुसली. "दिसलीस की! बैलाच्या दातापातूर झ्याक दिसलीस. मग ऐन वक्ताला ह्या मुडद्यानं घान केली," असं म्हणून तिनं हरिबाला ढोसलं. "समद्या मुंग्याच मुंग्या!"

ज्याचा हात कधी हलला नाही असा तो हरिबा, मान खाली घालून म्हणाला, "व्हय वैनी. माजाच हात हालला."

"मी काय सांगलीवरनं मुंग्या बगाया आलतो का?" गुंडामामा गरजला. "म्होरं काय झालं, आक्का? पेटीत काय हुतं?"

मनुबाईचे खांदे सैल पडले. "बरं झालं बाई," ती एवढंच म्हणाली. मग घरापर्यंत तिनं सगळी हकिगत हात हलवून हलवून सांगितली, आणि गावानं ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकली. त्या गावाची मी पुष्कळ भांडणं पाहिलीत, बांधावरून डोकी फुटलेली पाहिलीत. पण त्या दिवशी शंभर माणसं एका सुरात खोटं बोलली, आणि मला आजही त्या माणसांचा अभिमान वाटतो.

पाटा मात्र खरंच कामाला आला. मनुबाई त्यावर कांदा-लसणाची चटणी वाटायची, आणि अंदाज असा की काट्यावर घालायची गरज नाही. आधी गाव घेऊ लागलं, मग शिरवळच्या बाजारात पितळी डबा घेऊन बसायला लागली. दोन पावसाळे गेले. एक दिवस ती सांगलीला भावाकडं म्हणून गेली आणि परत आली ती गोणपाटाच्या चवाळ्यात गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून. ते तिनं लेकीपुढं ठेवलं आणि स्वतः भिंतीकडं तोंड करून बसली.

"उघड, इजू. मी हिकडं बगती."

विजयमालानं गाठी सोडल्या. हातमशीन. जुनं, वेलबुट्टी झिजलेली, पण चाकाला हात लावला तसं ते गुळगुळीत फिरलं.

भिंतीकडं बघतच मनुबाई म्हणाली, "त्या दिशी चित्र गेलं न्हवतं न्हवं?"

चाक थांबलं. "न्हाई, आई."

"ठावं हाय मला. हरिबाचा हात कवा हाललाय व्हय?"

मग विजयमालानं डोळे पुसायला वर नेलेला हात तसाच खाली घेतला.

"आई, वळ आता," ती म्हणाली. "माजं त्वांड बग."

मनुबाई वळली.